गाळखताच्या रानातली येळवस

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
गाळखत प्रात्यक्षिक योजना,
जिल्हा कार्यालय, बीड.

विषय : शेतातील फलक काढून नेणेबाबत व भाकरी खाणेबाबत.
संदर्भ : माझा तोंडी अर्ज, जो शिपायाने उभ्या उभ्या ऐकून घेतला.

महोदय,

१. सविनय अर्ज करतो की, मी बंकट आसाराम गडदे, राहणार धर्मापुरी, तालुका परळी. मागच्या दुष्काळात आमची जनावरे छावणीला गेली, ती बहुतेकांची परत आलीच नाहीत. शेणखत बघायला मिळेना. तेव्हा आपण आमच्या सोसायटीच्या बैठकीत समजावून सांगितले की, शहराच्या सांडपाण्याचा गाळ शुद्ध करून, वाळवून त्याचे खत करतात व ते रानाला मानवते. सगळे सभासद खाली मान घालून बसले होते. हात मी एकट्याने वर केला.

२. खताला वास नव्हता. गेल्या सुगीला जोंधळा डोक्याच्या वर गेला. शेजारच्या रानाचा बद्रीनाथ रोज येऊन बघून जाई. आपण खूश होऊन ‘मैल्यातून पिकले सोने’ असा माझ्या नावाचा फलक दिलात. तो आत विहिरीपाशी लावायचा होता, पण मीच हौसेने रस्त्याच्या कडेला रोवला, नारळ फोडला, हारही घातला. तोवर गाव त्याला सरकारी खत म्हणत होते. फलक वाचून मैला म्हणू लागले. हौसेला मोल नसते म्हणतात, पण ते असते हे मला कळून चुकले.

३. आमच्याकडे येळवस मोठी. त्या अमावास्येला रानात कडब्याची झोपडीवजा कोप करून तीत पाच दगडांचे पांडव मांडतात आणि वाटसरालाही हाताला धरून जेवायला बसवतात. माझी पत्नी चतुराबाई हिच्या आंबिलीसाठी शेजारच्या गावातूनही माणसे येत. यंदाही तिने घागरभर आंबील, भज्जी, उंडे केले. दिवस मावळला तरी कोणी फिरकले नाही. बद्रीनाथाला म्हणे उपवास होता. येळवशीला उपवास धरणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. आंबील शेवटी म्हशीपुढे ठेवली.

४. इथवरची तक्रार गावाविरुद्ध होती. ती मी मागे घेतो. खरी तक्रार घरातली आहे. बद्रीनाथाची बायको तुळजाबाई हिने पाणवठ्यावर चतुराबाईला विचारले, “काकू, तुमच्या घशाखाली उतरतं तरी कसं?” त्या दिवसापासून चतुराबाई रेशनच्या गव्हाची पोळी करून खाते. मला मात्र आमच्याच जोंधळ्याची भाकरी थापते, गरम वाढते, मग साबणाने हात धुते आणि चुलीकडे तोंड करून आपली पोळी खाते. भांडण नाही, अबोला नाही. लग्न झाल्यापासून आम्ही एका ताटात जेवत आलो. महोदय, मला फार वाईट वाटते. बायकोला आपल्या ताटाची किळस येते, हे मी कोणत्या कार्यालयात सांगू?

५. आपला तपासणी अहवाल तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिने तो शांतपणे ऐकला व ती म्हणाली, “कागद जेवतो का? साहेबांनी ही भाकर खाल्ली, तर मी बी खाईन.” माझ्या मते तिचे म्हणणे रास्त आहे.

सबब विनंती की, फलक काढून न्यावा. ते नियमात बसत नसल्यास राहू द्यावा. परंतु सोबतची भाकरी आपण स्वतः खावी, शिपायास देऊ नये. आपल्यालाही नको वाटल्यास मी राग मानणार नाही. फक्त तसे लेखी कळवू नये, कारण आमच्या घरी टपाल तीच घेते.

आपल्या योजनेचा एकुलता लाभार्थी,
बंकट आसाराम गडदे
(सही)
११ जानेवारी २०१९

सोबत :
१) सातबारा उतारा.
२) माती व धान्य तपासणी अहवाल.
३) भाकरी दोन, ठेच्यासह. फडके चतुराबाईचे आहे, ते रिकामेच परत मिळावे.