अठ्ठावीस दिवसांचा मेनू

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६
आजपासून घरचा किराणा आणि जेवणाचं प्लॅनिंग माझ्याकडं. तेवीस वर्षं माकणीच्या हायस्कुलात गणित शिकवतोय, चार माणसांचं जेवण काय अवघड? खर्च कमी, डोक्याला ताप कमी. अठ्ठावीस दिवसांचा मेनू एक्सेलमध्ये तयार. महेश्वरीला दाखवला. तिनं नीट वाचला, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, बरं झालं, आता तुम्हीच बघा.
बायकोचा पाठिंबा मिळाला असं धरतो.

३ डिसेंबर, बुधवार
होलसेलशिवाय बचत नाही. शाळा सुटल्यावर गाडीवर उमरग्याला. मसूर डाळ फारच स्वस्त होती, पंधरा किलो घेतली. आमच्याकडं मसूर कोणी खात नाही, हे घराजवळ आल्यावर आठवलं. सवय लागेल.
येताना महालिंगप्पांच्या दुकानापुढून यावं लागलं. वडलांच्या काळापासून आमचा किराणा त्यांच्याकडंच. गाडीवरच्या पोत्याकडं बघून म्हणाले, "सर, आमचं काय चुकलं का?" म्हटलं, चुकलं नाही, सिस्टीम बदलली. त्यांनी मान हलवली. सिस्टीम समजली नसावी.

५ डिसेंबर, शुक्रवार
भाजी आठवड्यातून एकदाच आणायची, असा नियम. आज पालक होता. पण पिशवीत त्याचं पाणी झालेलं. पालकानं सहकार्य केलं नाही. त्याऐवजी मसूर.

९ डिसेंबर, मंगळवार
अव्वाला चुक्याची भाजी खावीशी वाटली. म्हटलं, आहे की, तेवीस तारखेला दुपारी. म्हणाली, "तवर मी जगायचं का न्हाय, ते बी कागदावर लिव्हलंय का बघ." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आईची विनोदबुद्धी शाबूत आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार
आमची मुलगी शिवांजली गेले तीन दिवस मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते आणि जेवूनच येते. तीन जेवणं वाचली. 'बचत' कॉलममध्ये टाकली.
मैत्रीण म्हणजे बशीर सरांची जास्मिन. आज स्टाफरूममध्ये सर हळूच म्हणाले, लेकरू जेवतंय त्याचा आनंदच आहे, पण घरी सगळं खैरियत आहे ना? सगळं ठीक आहे म्हणालो. डबा उघडला. मसूर. डबा झाकला.

१५ डिसेंबर, सोमवार
शुक्रवारी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. शेतात जेवणावळ. सिस्टीमची खरी परीक्षा. पाहुणे मोजले: एकतीस. माणशी दोनशे ग्रॅम भज्जी (सगळ्या भाज्या-शेंगांची), दोन बाजरीचे उंडे, एक ग्लास ताकाची आंबील. शिल्लक शून्य.
महेश्वरी म्हणाली, येळवसला मोजून रांधत नसतात, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारतात. म्हटलं, भावनेनं बजेट बिघडतं. भज्जीत मसूर घालू, असंही सुचवलं. अव्वा उठून आत गेली. मसूरचा मुद्दा मागे घेतला. एकतीसचा आकडा नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ११
शेतातल्या कडब्याच्या खोपीत पूजा झाली. हरभरा फुलात आहे. भज्जीचा वास शेजारच्या शेतापर्यंत जातोय. सगळं प्लॅनप्रमाणे.

त्याच दिवशी, दुपारी ४
बांधावर बसून लिहितोय.
तामलवाडीचे साडू यादीत 'एक' होते. जीप भरून आले. अव्वा दरवर्षीसारखी रस्त्याच्या कडंला उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "या वो, जेवून जावा" म्हणत होती. तिनं एक अख्खा टेम्पो थांबवला. दीड वाजता महेश्वरीनं भज्जीचं पातेलं कलतं केलं, तेव्हा पळी बुडाला खरखरली. पंगतीत पानं मांडून लोक बसलेले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पळी तशीच पातेल्यात ठेवली. एरवी ती बोलते. बोलली असती तर बरं झालं असतं.
मी घागर घेऊन विहिरीकडं गेलो. पाणी भरलेलंच होतं, तरी गेलो. विहिरीपलीकडं महालिंगप्पांचं शेत. त्यांनी माझ्याकडं, मग आमच्या पंगतीकडं पाहिलं आणि विचारलं, "किती पानं राहिलीत, सर?" अकरा, म्हणालो. अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबातला माझा हा पहिला बरोबर आकडा.
त्यांनी आपल्या भज्जीचं पातेलं उचललं. दुसरा कान मला धरायला लावला. आंबिलीचं मडकं त्यांच्या बायकोनं आणलं. पंगतीपुढं पातेलं ठेवून ते मोठ्यानं म्हणाले, "सरांनी निम्मं आमच्याकडं ठिवलं व्हतं. इथं चुलीला जागा न्हवती."
कुणाला काही कळलं नाही. अव्वानं आणखी दोघांना हाक मारली.
मी शेवटी जेवलो. भज्जी आंबट, तिखट, दाट. तीनदा घेतली. ग्रॅम माहीत नाहीत. महेश्वरीनं वाढली.

२० डिसेंबर, शनिवार
दुपारी साडेचारला महालिंगप्पांच्या दुकानात गेलो. कालचं काहीतरी बोलायचं होतं, दोन वाक्यं पाठ केली होती. त्यांनी विचारलं, "काय देऊ, सर?" वाक्यं गेली. घरात काय संपलंय तेही आठवेना. वीस दिवस किराणा माझ्याकडं होता आणि मसूर सोडून काय आहे, हे मला माहीत नव्हतं.
घरी फोन लावला. महेश्वरी म्हणाली, फोन त्यांच्याकडं द्या.
दोघं दोन मिनिटं बोलले. मध्ये एकदा महालिंगप्पा हसले. सामान बांधलं, पिशवी माझ्या हातात दिली. मी आणली. वाटेत काही सांडलं नाही.
पिशवी ओट्यावर ठेवून विचारलं, आज काय करणार? मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "जेवताना कळंल."
हातपाय धुऊन पाटावर बसलो. अजून साडेपाचच वाजले होते.