ओठ दिसेपर्यंत

२ नोव्हेंबर, सोमवार

मोतीबिंदूच! दोन्ही डोळ्यांत. उजव्यात जास्त.

डॉक्टरबाई भल्या. मास्क काढला, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या, तोंड दिव्याकडे केलं. ह्यांनी आधीच सांगून ठेवलं असणार — हिला ऐकू येत नाही, ओठ वाचते. पण मला त्यांच्या तोंडाच्या जागी नुसता गुलाबी डाग. शेवटी ह्यांनी माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढली. मो-ती-बिं-दू. मला गुदगुल्या झाल्या आणि हसू फुटलं. नको त्या वेळी!

घरी आल्यावर हसू गेलं. कान तर कारखान्यातच गेले, मागांच्या खडखडाटात. पण विणकाम खात्यात आवाजाने बोलतं कोण? या टोकाला मी मागावर, त्या टोकाला हे, बिघडलेले माग दुरुस्त करत. मधे सगळं खातं. ओठांनीच भांडलो, ओठांनीच लग्न ठरवलं. म्हणून पुढे कान पार गेले तरी मी फार रडले नाही. ह्यांचे ओठ होते ना. आता तेही चालले.

५ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षर केवढं मोठं काढतेय! एका पानावर चार ओळी.

हे पाटीवर लिहितात, तेही असंच ढब्बं. ‘जेवलीस?’ ‘गोळी घे.’ ‘रविवारी लेक येणार.’ लागेल ते सगळं लिहितात, कधी कंटाळा नाही. पण गप्पा कोण लिहून काढतं? खालच्या मजल्यावरच्याने मिशा काढल्या, आता त्याची बायकोच त्याला ओळखत नाही — असलं काहीतरी हे पूर्वी दिवसभर बोलायचे. मी म्हणायची, पुरे आता! दोन वर्षं झाली, एक वायफळ वाक्य मिळालेलं नाही. घरात माणूस आहे आणि मी एकटी आहे. हे कोणाला सांगायचं?

ऑपरेशननंतर ओठ दिसतील ना? मला एवढंच हवंय. सुईत दोरा नको, टीव्ही नको.

९ नोव्हेंबर, सोमवार

तपासण्या. रक्त, साखर, बीपी. मग डोळ्याचं माप — हनुवटी टेकवून बसायचं आणि आतल्या लाल ठिपक्याकडे बघायचं. गढूळ झालेलं भिंग काढतात आणि त्या जागी मापाचं नवं बसवतात. ब्लाउजसारखंच, माप चुकलं की पंचाईत.

जाऊबाईंचं मत पडलं की पिकल्याशिवाय काढू नये. डॉक्टरबाई (तळहातावर नाही, आता त्याही मोठ्या कागदावर लिहितात) — ‘ते जुन्या काळी. फार पिकला तर काढायला उलट अवघड.’

मग विचारलं, जवळचं स्पष्ट हवं की लांबचं? एका भिंगात एकच मिळेल, दुसऱ्याला चष्मा. ह्यांनी लगेच लिहिलं — जवळचं घे, वाचता येईल. मी म्हटलं, लांबचं. जितक्या लांबून ओठ दिसतील तितकं लांबचं द्या. वाचायला लावीन चष्मा, बोलायला लावणार नाही! डॉक्टरबाईंनी ‘लांबचं’ लिहून कागद माझ्यासमोर धरला.

१० नोव्हेंबर, मंगळवार

एक घोळ आहे. ऑपरेशन जागेपणी करतात. थेंब घालून डोळा बधिर, बाकी माणूस शुद्धीवर. डॉक्टर सांगतात, दिव्याकडे बघा, हलू नका. मला सांगणार कसं? त्यांच्या तोंडाला मास्क, माझ्या तोंडावर कापड.

पूर्ण गुंगी देऊ का, डॉक्टरबाईंनी लिहून विचारलं. मी साफ नाही म्हटलं. ऐकू येत नाही, त्यात दिसणार नाही, त्यात शुद्धही घालवायची? मग मी उरले कुठे?

शेवटी ठरलं — सिस्टर माझा हात धरून बसतील. एकदा दाबला की स्थिर. दोनदा, दिव्याकडे बघ. तीनदा, संपलं. मला खोकला आला, दुखलं, तर बोट वर करायचं. डोकं हलवायचं नाही, बोलायचं नाही. (न बोलणं कठीण जाणार!)

दुपारी ह्यांनी मला पलंगावर आडवं करून तोंडावर टॉवेल टाकला आणि सराव घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. मग चारदा दाबला. मी टॉवेल काढून विचारलं, चार म्हणजे काय? पाटीवर लिहिलं — ‘चहा टाक.’

१२ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ

झालं. डाव्या डोळ्याने लिहितेय, म्हणजे अंदाजानेच.

सकाळी जिन्यात हे मधेच थांबले. पाटी काढून लिहिलं, ‘तू दमलीस, टेक जरा.’ मी कुठे दमले होते? पण टेकले.

आत नेऊन उजव्या भुवईवर पेनाने खूण केली. डोळा चुकायला नको म्हणून! बाहुली मोठी व्हायचे थेंब, पुन्हा थेंब, पुन्हा थेंब. डोक्याला टोपी. हे बाहेर राहिले.

मग ते कापड. फक्त डोळ्यापुरतं भोक. वर लख्ख दिवा — आणि मग सगळं विरघळलं. गुलाबी, निळं, पाण्याखालून बघावं तसं हलणारं. गार पाणी गालावरून कानात ओघळलं. दुखलं नाही. दाबल्यासारखं वाटलं, तेवढंच. पण मी घाबरले. खरंच घाबरले. ना आवाज, ना ओठ. जगात कोणी आहे की नाही हेच कळेना. मेल्यावर असं असेल असं वाटलं.

सिस्टरने हात एकदा दाबला. मग बराच वेळ काही नाही. मग दोनदा. मी दिव्याकडे बघितलं. मधेच घशात खवखव! बोट वर केलं. सगळं थांबलं. खोकून घेतलं. पुन्हा एकदा दाबला, पुन्हा सुरू.

मग तीनदा. एवढ्यात? भात शिजायलाही याहून वेळ लागतो.

डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून बाहेर आणलं. हे उठून उभे राहिले असावेत, कारण एक उंच काळं काहीतरी जवळ आलं आणि त्याने माझा हात चारदा दाबला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

वाटी काढली. दिसत नाही! म्हणजे उजेड भरपूर, पण साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखं. वाळू गेल्यासारखं खुपतंय.

डॉक्टरबाईंनी लिहिलं — असं होतं, सूज उतरू दे, कोणाला दुसऱ्या दिवशी दिसतं, कोणाला आठवडा लागतो. चोळायचं नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, झोपताना वाटी लावायची. फार दुखलं, लाली वाढली, दिसणं कमी झालं, डोळ्यापुढे पडदा आला तर तारखेची वाट न बघता लगेच यायचं. शेवटच्या ओळीखाली ह्यांनी दोन रेघा मारल्या.

१५ नोव्हेंबर, रविवार

थेंब घालायचं काम ह्यांच्याकडे. पहिला नाकावर. दुसरा कानात! कान आधीच गेलाय, त्याला कशाला औषध? लोक डोळ्यात तेल घालून जपतात, हे थेंब घालून. तिसरा बरोबर पडला. लेक आली होती. ती हसली नाही. आल्यापासून ह्यांच्याकडेच बघत होती.

१६ नोव्हेंबर, सोमवार

अजून साबणाचं पाणी. कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

दिसले!

सकाळी स्वयंपाकघराच्या दारात हे उभे, आणि तोंडाच्या जागी डाग नाही, तोंड! ओठ, खालच्या ओठावरची ती जुनी खोक, सगळं. आणि ते ओठ म्हणाले, “कात्री कुठे ठेवलीस, बये?”

पाटीवर नव्हतं लिहिलेलं. सवयीने तोंडातून गेलं होतं.

मी म्हटलं, पुन्हा म्हणा. “कात्री.” पुन्हा. “कात्री गं, कात्री!” मी ओट्याला धरून रडायला लागले, तर ह्यांची धावपळ — रडू नको, डोळ्याला चालतं की नाही विचारून येतो! हेही मी वाचलं. सगळं वाचलं.

दिवसभर बोलत होते. पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

मला राखाडी वाटणारा ह्यांचा सदरा निळा आहे. चांगला निळा! स्वयंपाकघराच्या भिंती पिवळट नव्हेत, पांढऱ्या. माझे हात मात्र म्हातारीचे. आणि हे वाळलेत. गालफडं बसलीत. मी म्हटलं, अहो, केवढे म्हातारे झालात! म्हणाले, “भिंग चांगल्या कंपनीचं दिसतंय.”

ओठांवर प, ब, म सगळे सारखेच. जेवताना मीठ मागितलं, मी पिठाचा डबा आणला. इतिहासात म्हणे ध चा मा झाला होता, आमच्याकडे म चा प. पोट धरून हसलो. मग हे एकदम गप्प झाले, खुर्चीत जरा मागे रेलले. हसून दमले म्हणाले.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

तपासणी. डोळा छान बसलाय. थेंब कमी कमी करत बंद करायचे. वाचायचा चष्मा आणखी काही दिवसांनी, नंबर स्थिर झाल्यावर. दुसऱ्या डोळ्याची तारीख सतरा डिसेंबर. डॉक्टरबाई म्हणाल्या, एकाने काम चालतंय, घाई नाही, तुमच्या सोयीने करू. हे म्हणाले, “नाही नाही, सतरालाच.” एवढा आग्रह! घरी येऊन कॅलेंडरवर लाल गोल केला.

१ डिसेंबर, मंगळवार

आज एक गंमत. खिडकीत बसले होते. रस्त्यापलीकडे इस्त्रीवाला एका बाईला सांगत होता, “साडी जळली नाही हो बाई, तो डाग आधीचाच!” रस्त्यापलीकडे! एवढं लांबचं तर खात्यात वाचायची. बाई म्हणाली, खोटं बोलतोस. बाई बरोबर होती, तो तिच्याकडे न बघता बोलत होता.

ह्यांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं मला समोर बसल्यावरच कळतं. एक दिवस लांबून असा टोमणा मारीन की हातातलं खाली पडेल.

८ डिसेंबर, मंगळवार

हे गॅलरीत, काचेचं दार लावून, लेकीशी फोनवर. मी आत पलंगावर. टोमण्याला बरी संधी, म्हणून ओठांकडे बघत बसले.

“आईला नाही सांगायचं... छातीचं ऑपरेशन, ते कुठे पळून जातंय... डॉक्टर रागावू देत गं. दिलेली तारीख मी सोडली. आधी तिचा दुसरा डोळा.”

फोन ठेवून वळले. मी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, खात्यातल्यासारखं विचारलं — कधीची होती तारीख?

सवयीने उत्तर दिलं. “गेल्या महिन्यातली.” आणि मग तोंडावर हात ठेवला.

उद्या दवाखान्यात जायचं आहे. डोळ्यांच्या नव्हे.