झांबेझीवर चार दिवस

अण्णा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि एकाच घरात राहणाऱ्यांनी एकमेकांना काय लिहायचं? आता माझं वय तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी जास्त आहे. अमेरिकेत, शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल म्हणून गाव आहे, तिथे राहते. बाहेर गुडघाभर बर्फ पडलाय आणि माझ्यासमोर टेबलावर आफ्रिकेतल्या एका नदीचा नकाशा पसरलाय. नदीतलं कळणारं दुसरं कुणी माझ्या ओळखीचं नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

झांबेझी तिचं नाव. तिच्या काठाला मोठं राष्ट्रीय उद्यान आहे आणि येत्या ऑगस्टमध्ये आम्ही चार मराठी कुटुंबं तिथे जाणार आहोत. जीपमधून हत्ती बघायचे असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण आमचा बेत होडीतून जायचा आहे. दोघादोघांच्या अरुंद होड्या, स्वतः वल्हवायच्या, चार दिवस प्रवाहाबरोबर खाली जायचं आणि मुक्काम वाळूच्या बेटांवर. हा सगळा बेत काकांचा. काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेले, हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर्ड. काकूंची ही सहल करायची फार इच्छा होती. त्या मागच्या वर्षी गेल्या. तेव्हापासून काका या सहलीच्या मागे लागलेत.

रविवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये मीटिंग झाली. आपल्या लोकांची मीटिंग, म्हणजे आधी पावभाजी, मग प्रोजेक्टर. माझ्या नवऱ्याने एक्सेल शीट केलीय, त्यात मलेरियाच्या गोळ्यांपासून टोप्यांपर्यंत सगळं आहे. भिंतीवर नदीचे फोटो एकामागून एक येत होते. ऑगस्टमध्ये पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे पाणघोडे खोल धारेत गोळा होतात, असं कॅम्पवाल्यांनीच कळवलंय. होडी नेमकी त्यांच्यावरून गेली तर ते खालून उसळतात. सगळे फोटो बघून हसत होते. मी मात्र पाण्याचा रंग बघत होते. कडेला फिका आणि मध्ये एक काळपट पट्टा. तुम्हीच मला दाखवलं होतंत, तसा पट्टा दिसला की तिथे तळ लागत नाही.

माझ्या मुलाला विचारलं, तुला भीती नाही वाटत? तो चौदा वर्षांचा आहे. म्हणाला, "मॉम, चिल. आय कॅन स्विम." पोहता तर तुम्हालाही येत होतं, अण्णा.

सरकारी नोकरीत तुमचं कामच ते होतं. रोज सकाळी नदीवर जायचं, दगडी खांबावरच्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. एकदा तुम्हाला ताप होता म्हणून मला पाठवलंत आणि मी अर्ध्या वाटेतूनच परत येऊन कालचाच आकडा सांगितला. तुम्ही अंथरुणात उठून बसलात. "पट्टी बघितलीस का?" एवढंच विचारलंत, आणि तापात स्वतः घाटावर गेलात. मी तुमच्या मागे रडत रडत आले होते. न बघता आकडा लिहिणारा माणूस तुम्हाला चालत नसे.

आणि तो दिवस. आई चुलीपुढे भाकरी थापतेय. तुम्ही उभ्याउभ्याच चहा पिताय. मोठे साहेब आलेत, त्यांना होडीतून पलीकडचा बांध बघायचाय. तुम्ही म्हणता, "आज होडी घालण्यात अर्थ नाही. धार फार आहे." आई मान वर न करता म्हणते, "मग सांगा की तसं त्यांना." तुम्ही कप खाली ठेवता. "पहिल्यांदाच आलेत. बरं दिसत नाही." दुपारी साहेब ओले होऊन काठावर बसलेले मी पाहिले. तुम्ही तिसऱ्या दिवशी सापडलात.

तुमच्यावर मी खूप वर्षं रागावलेली होते. इतका शहाणा माणूस एक 'नाही' म्हणू शकला नाही, आणि आम्हाला असं टाकून गेला, हे मला सहनच व्हायचं नाही. आई तुमच्या फोटोला हार घालायची तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत जायचे.

रविवारी स्वयंपाकघरात ताटं विसळताना माझी मैत्रीण हळूच म्हणाली, "मला तर जाम टेन्शन आलंय यार. पण काका एवढे एक्सायटेड आहेत, आता कुठे कॅन्सल करायचं?" मी विचारलं, "मग तू बोल ना." ती म्हणाली, "मी? तू बोल. तू त्यांच्या मुलीसारखी आहेस." ते खरंच आहे. दोन हजार एक साली नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा आम्ही काकांच्या त्याच बेसमेंटमध्ये पाच महिने राहिलो. काकू रोज मुलाला मऊ भात भरवायच्या. त्या पाच महिन्यांबद्दल काकांनी आजवर एक शब्द काढलेला नाही. काढला असता तर मला बोलणं सोपं गेलं असतं.

मुलाच्या फॉर्मवर आईची सही लागते. नदीत जिवाचं काही झालं तर कॅम्प जबाबदार नाही, असं त्यात लिहिलंय. आठवडाभर तो कागद तसाच पडलाय. आज ठरवलं होतं की तुम्हाला सगळं लिहून काढायचं आणि मग काकांना फोन करून स्पष्ट नाही म्हणायचं. हे पत्र कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे, पण लिहिता लिहिता धीर येईल असं वाटलं होतं, आणि थोडा आलाही होता.

इथवर लिहिलं आणि काकांचाच फोन आला. "काय गं, तुमचा एकच फॉर्म राहिलाय. काही प्रॉब्लेम नाही ना?" आवाज थकलेला होता. मागे टीव्ही नाही, कुणाचं बोलणं नाही, ते एवढं मोठं घर अगदी शांत होतं.

मी म्हटलं, "छे हो काका, प्रॉब्लेम कसला? आत्ता सही करून फॅक्स करते." आणि वर विचारलं, वाटेत खायला चिवडा मी करून आणू का.