माझ्याविरुद्ध काही आहे का?

रविवार, २ मार्च २०२५

आज चांदवडहून नाशिकला राहायला आले. गंगापूर रोडपासून थोडं आत ख्रिस्ती मंडळीचं आवार आहे, पाच खोल्यांचं. शेवटची मला दिली. खिडकीशी पेरूचं झाड आहे. तीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून इथेही सगळे टीचर म्हणतात. शेजारच्या रंगूबाईंनी पिठलं-भाकरी आणून दिली.

सावळीरामकाका इथले वडीलधारे. प्रभू आज संध्याकाळीही येईल आणि आपल्या माणसांना वर घेऊन जाईल असं धरून ही माणसं राहतात. सूर्य मावळायच्या आत जो तो दुसऱ्यांच्या दारावर जाऊन विचारतो, माझ्याविरुद्ध काही आहे का? असेल ते सांगायचं आणि सोडून द्यायचं. नसेल तर ‘काही नाही, सलाम’ म्हणायचं. मला हे फार आवडलं. लतिका गेल्यापासून असंच काहीतरी हवं होतं.

गुरुवार, ६ मार्च

दारोदार विचारायचा हा संध्याकाळचा फेरा अंगवळणी पडला. रंगूबाई नवऱ्याला, भारतरावांना, उंबऱ्यात उभं करतात आणि रात्रीच्या घोरण्यापासून सुरुवात करतात. मला म्हणाल्या, “टीचर, ह्यांना रोज माफ करते, म्हणून तर माझं वरचं रिझर्वेशन पक्कं!” बऱ्याच दिवसांनी हसले.

काकांनी विचारलं, मनात कोणाचं काही धरून ठेवलंय का. मी नाही म्हटलं.

खरं ते इथे लिहिते. लतिका माझी धाकटी बहीण. आईच्या मातीला ती आली नाही. पुण्यात नव्या घराची प्रार्थना होती, पाहुणे जमले होते, म्हणून. त्यानंतर सहा वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. डिसेंबरात तिने दवाखान्यातून तीनदा फोन केला. मी फोन हातात धरला आणि वाजू दिला. चौथ्या दिवशी ती गेली. मी तिला अजून माफ केलेलं नाही. काका म्हणतात, मनात धरून ठेवणारा त्या दिवशी मागे राहतो.

मंगळवार, ११ मार्च

बाकीच्या चार खोल्यांतून सात माणसं येतात. आज सातही जण येऊन गेल्यावर दारावर पुन्हा टकटक झाली. सवयीने आतूनच म्हटलं, काही नाही, सलाम. मग खिडकीतून पाहिलं. सातही जण पेरूखाली चहा पीत होते.

बुधवार, १२ मार्च

पुन्हा टकटक. दार उघडलं. कोणी नाही, नुसतं उतरतं ऊन. उंबऱ्यात दवाखान्याचा वास.

शनिवार, १५ मार्च

रोज येते आहे. रंगूबाईंना सांगितलं. वाटलं, थट्टा करतील. बराच वेळ पदराने हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “खोटं उत्तर दिलं ना टीचर, की विचारणारं माणूस जात नाही.”

सोमवार, १७ मार्च

काका आले. मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि तेवढ्याच अदबीने पुन्हा विचारलं. थांबले. मान हलवली. सलाम करून गेले.

त्यांनी दोघींना विचारलं.

मंगळवार, १८ मार्च

आज फेऱ्याला कोणी आलं नाही. रंगूबाई लांबूनच म्हणाल्या, आधी घरातलं मिटवा. टकटक झाली ती न्हाणीच्या दारावर. आतून.

बुधवार, १९

तिचाच आवाज. अक्का, माझ्याविरुद्ध काही आहे का.

‘काही नाही’ ओठांवर आलं होतं. दाबून धरलं. म्हटलं, आहे. आईला माती देताना तू कुठे होतीस — सहा वर्षांचं सगळं बोलले. आत नुसता श्वास. मग म्हटलं, सोडलं, लतिका. रडले. खरंच सोडलं.

ती गेली नाही.

गुरुवार, २० — सूर्य मावळतोय

आता कळलं. तिने विचारलं. मी विचारलेलं नाही. फेऱ्यात दोघांनी विचारायचं असतं.

न्हाणीच्या दारासमोर बसले आहे. बाहेर आवार गप्प. सकाळपासून कोणाचा आवाज नाही. सगळे कुठे —

विचारलं. लतिका, माझ्याविरुद्ध काही आहे का.

कडी हलली —

म्हणते, आहे.

म्हणते, बस अक्का, उठू नकोस, पुष्कळ आहे.

ऊन भिंतीवर वीतभर. तिचं सांगून होईपर्यंत तरी थांब, प्रभू — तेवढं होईपर्यंत —