डाव्या डोळ्याची चित्रं

मी, डोळ्यांच्या डॉक्टरांना एकतीस वर्षं शिकवलेली, अविवाहित, वय अडुसष्ट, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वखुशीने लिहिते आहे. डाव्या डोळ्याची नजर गेली आहे, डोकं जागेवर आहे. शंका असेल त्याने खाली सह्या केलेल्या दोघांना विचारावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक भाचीला. ती औषधं वेळेवर देते आणि वर दटावते. घर विकलं तरी चालेल, पण आधी मोरीतला गळका नळ दुरुस्त करावा, नाहीतर घेणारा माझ्या नावाने बोटं मोडेल.

२. भिंगांची पेटी विभागाला. त्यातलं एक भिंग विभागप्रमुखांनी सहा वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेलं, ते त्यांनाच राहू द्यावं. मला पाहून जिना बदलायचे त्यांचे कष्ट आता संपले.

३. टिनची पेटी, चित्रांसह, शंकेखोरला. ती कोण, हे सांगायला हवं.

माझ्या डाव्या डोळ्याच्या पडद्यावर एक तपकिरी डाग होता. मी शिकत असताना माझ्या गुरूंनी त्याचं चित्र काढून दिलं आणि तो सपाट, निरुपद्रवी असल्याचं सांगितलं. आपल्या डोळ्याच्या आत आपल्याला पाहता येत नाही, म्हणून मी ते मानलं. पुढे दर प्रात्यक्षिक परीक्षेला मी बाहुली मोठी करणारे थेंब घालून खुर्चीत बसायचे. एकेकाने यंत्रातून पाहायचं आणि दिसेल ते काढायचं. गुण मी गुरूंच्या चित्राशी ताडून द्यायचे.

सात वर्षांपूर्वी एका मुलीने चित्रावर लिहिलं, 'डाग उंच'. तिला शंकेखोर हे नाव मीच ठेवलं होतं.

"सपाट आहे," मी म्हणाले.

"मॅडम, डागावर आलं की यंत्राची चकती दोन घरं फिरवावी लागते, तेव्हा कुठे स्पष्ट दिसतं. सपाट असता तर फिरवावी लागली नसती."

"चोवीस तुकड्यांना सपाट दिसला. तुलाच बरा उंच दिसतो."

"त्यांना काय दिसलं ते मला कसं ठाऊक असणार?"

उलट बोलली म्हणून मी तिला नापास केलं. तिचे सहा महिने गेले, पडद्याच्या शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणातली जागाही गेली. आज ती फिरत्या गाडीतून गावोगाव चष्म्याचे नंबर काढते. पडद्याचा फोटो काढायचं यंत्र शेजारच्याच खोलीत होतं. मी दोन वर्षं तिथे गेले नाही. गेले तेव्हा डाग खरंच उंच होता, कर्करोगाचा होता, आणि आता तो आजार यकृतात पोचला आहे. हे तिला मी सांगितलेलं नाही. लाज वाटली, अजून वाटते.

मग कुतूहल जागं झालं. तो उंच झाला कधी? पेटीतली सगळी चित्रं वर्षवार लावली. कागद दिव्याखाली तिरका धरला की पेन्सिलीचा दाब दिसतो. तिच्या आधीच्या तीन वर्षांत पाच जणांनी 'उंच' लिहून खोडलं होतं. मॅडमचं उत्तर काय, ते सीनियरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

४. माझ्या आजारात नेत्रपेढी डोळे घेत नाही. हा नियम मीच शिकवला, तेव्हा तक्रार कुठे करणार? डावा डोळा विभागाच्या प्रयोगशाळेला द्यावा. तो शंकेखोरने उघडावा, दिसेल ते काढावं आणि ते चित्र पेटीत सर्वांत वर ठेवावं. आत काय आहे ते बघायची मला फार हौस होती. तिचा निकाल चुकल्याचं माझं पत्र सोबत जोडलं आहे.

इथवर वाचून भाची म्हणाली, "मावशी, मेल्यावर ती तुला काय उत्तर देणार? फोन कर ना." बरोबर आहे. पत्र आजच टपालात जाईल, आणि उद्या सकाळी मी फोन करेन. ती काय म्हणेल, ते मला कसं ठाऊक असणार?

५. परीक्षेच्या खोलीत, माझ्या खणात, खोडरबरांचा डबा आहे. तो कोणालाही देऊ नये.

वर दोन ठिकाणी मी खोडरबर न वापरता नुसती रेघ मारली आहे. खाली काय होतं ते वाचता येतं.

सही: लिहिणारी
साक्षीदार: विभागातली जुनी परिचारिका, चष्म्याच्या काचा घासणारे शेजारी
ठिकाण: माझं जेवणाचं टेबल
तारीख: नव्या तुकडीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा आदला दिवस