बिनविरोध

आत्या, समाजकेंद्राच्या स्मरणिकेत मी तुझ्यावर लेख लिहिला, त्यातलं एक वाक्य चुकीचं आहे. 'प्रकृतीच्या कारणाने त्यांनी व्यवस्थापन समितीची निवडणूक लढवली नाही,' असं मी लिहिलं. तुझी प्रकृती तेव्हा ठणठणीत होती. ज्वारीचं पोतं तू एकटी गच्चीवर चढवायचीस. तू अर्ज भरला होतास आणि मग मागे घेतला होतास. ते वाक्य मला समितीतल्या एका काकांनी सुचवलं होतं, 'असं बरं दिसतं' म्हणून, आणि ते खरं आहे की नाही हे आठवून पाहण्याआधीच लेख छापून आला. एरवी मी गॅस बंद केलाय का हे दोनदा उठून बघणारी. स्मरणिका आता वाटून झाली, घरोघरी गेली. निदान इथे तरी ते नीट लिहिते.

तो दिवस मला आठवतो कारण मी स्वयंपाकघरातच होते. दम्यामुळे मला शाळेत घालायला घरचे घाबरत होते आणि तू म्हणाली होतीस, 'नका पाठवू, मी शिकवते.' ओट्याजवळची फरशी हीच माझी पाटी. तू भाकरी थापते आहेस, मी खडूने शब्द लिहिते आहे, कुणाचा पाय लागून पुसला की पुन्हा लिहिते आहे. तेवढ्यात दादा आणि समितीची चार माणसं आत येतात. दादा म्हणजे केंद्राचे अध्यक्ष. काष्टीकडून नगरला आलेले, वसाहतीतल्या लोकांना गोळा करून श्रमदानाने हॉल उभा करणारे. पदाचा कसलाही लाभ न घेणारा माणूस, हे आजही मी कुणाहीपुढे सांगेन.

'बाई, आपल्या समितीत आजवर मतदान झालं न्हाई,' ते म्हणाले. 'सगळं बिनविरोध हुतं. लोक नाव घेत्यात आपल्या वसाहतीचं. तुमच्या अर्जानं त्याला गालबोट लागलं बघा.'

'गालबोट दृष्ट लागू नये म्हणून लावतात, दादा,' तू भाकरी उलटत म्हणालीस.

सगळे हसले. दादाही हसले. मग दुसरं कुणीतरी म्हणालं, 'तुमाला समितीत येऊन काय करायचंय? तुमी सांगा, आमी करतो.'

'मग सांगते. दुपारी हॉल उघडा ठेवा. कुलूप लावायला बांधलाय का तो? पोरं उन्हात हिंडतात.'

दादा म्हणाले, 'ठेवतो. माझा शब्द हाय. तुमी अर्ज मागं घ्या.'

तू तव्यावरची भाकरी उतरवलीस आणि म्हणालीस, 'घेते.'

ते गेल्यावर मी तो नवा शब्द फरशीवर लिहिला. 'बीनविरोध.' तू पायाच्या अंगठ्याने वेलांटी पुसलीस, 'पहिली वेलांटी' म्हणालीस. मी अर्थ विचारला. 'कुणाचाच विरोध नसणं.' मी म्हटलं, 'पण तुझा होता ना?' तू म्हणालीस, 'चहाचे कप उचल.'

दादांनी शब्द पाळला, हे कबूल करायला हवं. तू गेलीस त्यानंतरही ते होते तोवर दुपारी हॉल उघडा असायचा. गेली काही वर्षं कंपनीतून सुटले की मी तिथे दहावीच्या मुलींना गणित शिकवते. मागच्या चाळीतल्या मुली. एका खोलीचं घर, त्यात टीव्ही, त्यातच नागापूरच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला. दुपारी शाळा सुटल्यावर त्या हॉलमध्ये येऊन बसतात, मी पोचेपर्यंत आपापला अभ्यास करतात. किंवा करायच्या. दादा वारले, त्यांचा मुलगा अध्यक्ष झाला, अर्थातच बिनविरोध. नवी फरशी बसवली, आणि समितीने ठरवलं की हॉल फक्त कार्यक्रमांना उघडायचा, नाहीतर फरशी खराब होते. आता मुली बाहेर पायऱ्यांवर दप्तरं मांडीवर घेऊन बसतात, आणि सूर्य फिरला की सरकत सरकत सावलीत जातात.

मी नव्या अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, 'तुमच्या वडिलांनी शब्द दिला होता.' ते चिडले नाहीत. 'ताई, तो शब्द दादांचा हुता. समितीचा ठराव हाय का?' ठराव नव्हता. त्यांचं बरोबर होतं, आणि मला लागलं ते हेच. ज्या हॉलवर वसाहतीचा हक्क आहे तो इतकी वर्षं आम्ही एका भल्या माणसाच्या मर्जीवर वापरत होतो. भला माणूस गेला, मर्जी संपली. गमावलं म्हणून दाद मागावी तर आमच्या हातात कधी काही आलंच नव्हतं.

म्हणून मी अर्ज भरला. मला समितीत जाऊन एकच ठराव मांडायचा आहे: दुपारी हॉल उघडा राहील, अध्यक्ष कुणीही असो. अध्यक्ष आणि समितीतले काका मग घरी आले. स्वयंपाकघरातच बसले, कारण आईने तिथेच खुर्च्या ठेवल्या. 'तुझी आत्या किती समजूतदार हुती,' एक काका म्हणाले. दुसरे म्हणाले, 'अगं, लग्नाचं बघायचं सोडून इलेक्शन काय लढवते?' अध्यक्षांनी खिशातून हॉलची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. 'तुला हॉल पायजे ना? घे. तुज्याकडंच ठेव. अर्ज तेवढा मागं घे.'

बाबा म्हणाले, 'घे ना बाळा. काम झालं की तुझं.' मी ती अध्यक्षांकडे परत सरकवली. 'किल्ली नको,' मी म्हटलं. 'उद्या मी लग्न करून दुसऱ्या गावाला गेले तर ती कुणाकडे जाईल? ठराव करा, मग अर्ज मागे घेते.' ठराव करायला कुणी तयार नव्हतं. 'मतदान घ्यायचं तर मतपेटी कुठून आणायची?' अध्यक्ष वैतागले. 'आपल्याकडं पेटीच न्हाई.' तेव्हा आई म्हणाली, 'आमचा लाडवांचा डबा रिकामा आहे. घेऊन जा.'

त्यांनी किल्ली परत नेली.

आत्या, तुझ्यावर माझा राग आहे. तू जे मिळवलंस त्यावर कितीतरी मुली शिकल्या, मीही त्यावरच उभी आहे, तरी राग आहे. तुझ्यासारखी बाई समितीत बसली असती तर कुलपाचा प्रश्न तेव्हाच मिटला असता. तू म्हणशील, तेव्हा दिवस वेगळे होते, बाईने इतकं मिळवलं तेच फार. असेल. पण समजूतदार हा शब्द ते आता माझ्यापुढे तुझं नाव घेऊन वापरतात, आणि तो मला तुझ्याकडून वारशात नको आहे. परंपरा मोडली असं लोक म्हणतील. म्हणू देत. जिथे विरोध करणाऱ्याला आधी घरी जाऊन गप्प करावं लागतं, तिथे बिनविरोध काहीही होत नसतं.

हे पत्र कुठे टाकणार? तुझ्या जुन्या ट्रंकेतही ठेवणार नाही, आईला सापडेल. सगळ्यांना मी सांगत फिरते की हरले तरी चालेल, प्रश्न तत्त्वाचा आहे. ते खरं नाही. मला जिंकायचं आहे, आणि इतकं जिंकायचं आहे की त्याची मलाच थोडी लाज वाटते. अर्ज मागे घ्यायची मुदत शनिवारी संपते. त्या दिवशी मी अर्ज मागे घ्यायला कुणाकडे जाणार नाही. मतदान रविवारी आहे.