वायरमनच्या जागी

प्रिय ठमे,

प्रयोग पार पडला हे तुला फोनवर सांगितलंच. पण फोनवर मला धड बोलता येत नाही. बावीस वर्षं विंगेत बसून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजणाऱ्या बाईला स्वतःचं वाक्य मोठ्यानं म्हणायची सवय कुठून असणार? दुपारी औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं, म्हणून काउंटरवरच लिहायला बसलेय.

तुझे बाबा आजारी पडले, त्यानंतरच्या बैठकीला तू नव्हतीस. बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाच्या त्या हॉलमध्ये आम्ही अकराजण एकमेकांची तोंडं बघत बसलो होतो. पंचवीस वर्षं आमची नाटकसंस्था म्हणजे तुझे बाबा, आम्हा सगळ्यांचे वायरमन. दिवसा लोकांच्या घरचं वायरिंग करायचे आणि संध्याकाळी आम्हाला शॉक द्यायचे. लकव्यानं त्यांची वाचा आणि उजवा हात गेला, आता पुढे कोण, हे कुणी तोंडातून काढेना. पाववाल्याला टपालवाली नको होती आणि टपालवालीला पाववाला. शेवटी माझं नाव निघालं, कारण माझं कुणाशीच वाकडं नव्हतं. नाटक कोणतं घ्यायचं, कुणाला काय द्यायचं, ते कसं बसवायचं, सगळं एका दुपारी माझ्या गळ्यात पडलं. घरी येऊन मी आरशासमोर म्हणून बघितलं, “थांबा. पुन्हा पहिल्यापासून.” माझं मलाच हसू आलं.

बाबा तालमीला येऊ लागले तेव्हा आम्हा सगळ्यांना धीर आला, मला सर्वांत जास्त. तिसऱ्या रांगेत बसायचे, काठी गुडघ्यांमध्ये. पटलं नाही की काठी फरशीवर एकदा आपटायची. त्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी घुमतं, मग काठीचं काय विचारतेस! काठी वाजली की पाववाला वाक्य अर्धवट सोडून थिजायचा आणि माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघायचा. मी म्हणायचे, चालू ठेवा. कुणी चालू ठेवायचं नाही. वर्षभरात दोन नाटकं झाली. नावाला माझी, पण एकेक पाऊल त्यांच्या काठीवर पडलेलं. लोक म्हणाले, अगदी वायरमनसारखं झालं. ते कौतुकानंच म्हणायचे गं.

या खेपेला बोट परत येईल म्हणून धक्क्यावर थांबलेल्या बायकांचं नाटक घेतलं. शेवटी बोट येत नाही. मला त्या सगळ्या बायका प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या हव्या होत्या. वाक्य नाही, हुंदका नाही, नुसत्या पाठी. ठमे, आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं दृश्य माझं स्वतःचं असं दिसलं होतं. तुझ्या बाबांच्या नाटकात प्रेक्षकांना पाठ दाखवणं म्हणजे महापाप. काठी वाजली. बायका वळल्या. मी पुन्हा फिरवल्या, पुन्हा काठी. असं चार संध्याकाळी चाललं. पाचव्या दिवशी टपालवाली मला बाजूला घेऊन म्हणाली, “मावशी, एकदाचं ठरवा. आम्ही ऐकायचं कुणाचं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमच्या घरी गेले. बाबांनी डाव्या हातानं चहा केला, अर्धा बशीत सांडला, आणि मी पुसायला उठले तर डोळ्यांनीच मला खाली बसवलं. वाटेत पाठ केलेलं सगळं मी विसरले. मला प्रॉम्प्ट कोण करणार? शेवटी मी एवढंच म्हणाले, “तुम्ही आता तालमीला येऊ नका. एकदम प्रयोगालाच या.” त्यांनी लिहायची पाटी ओढली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, “बरं.” रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर एकदाही आले नाहीत. आणि खरं सांगते, तालमी अशा रंगल्या की विचारू नकोस. पाववाला माझ्याकडे बघायला लागला. मी ओरडायला शिकले. घरी जाताना चक्क गुणगुणायचे. अठराव्या दिवशी सकाळी तुमच्या शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंचा निरोप आला, वायरमन गेले. नंतर त्याच बाई मला म्हणाल्या की रोज संध्याकाळी तालमीच्या वेळी, सहाला, ते कपडे करायचे, बूट घालायचे, आणि दाराजवळच्या स्टुलावर आठपर्यंत बसून राहायचे. बाईंना वाटायचं, कुणीतरी त्यांना न्यायला येणार आहे.

प्रयोग पुढे ढकलून महिन्यानं केला. बायका पाठ करून उभ्या राहिल्या आणि हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मला अभिमान वाटला. त्याच क्षणी स्वतःची शिसारीही आली, पण आधी अभिमान वाटला, हे लपवणार नाही.

आता हे सगळं का लिहितेय ते सांगते. त्यांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या पुस्तिकेसाठी तू लिहून पाठवलंस, “कुजबुजमावशीमुळे बाबा अखेरच्या संध्याकाळपर्यंत आपल्या माणसांत, तालमीत होते.” तुला असं वाटलं, कारण तू फोनवर “बाबा जातात ना तालमीला?” असं विचारायचीस आणि मी “हो” म्हणायचे. अठरा दिवसांत तीनदा म्हणाले. ते वाक्य काढ. हवं तर माझं नावच सगळीकडून काढ. माफी मागायला बसले होते, पण पुन्हा तशीच वेळ आली तर मी त्यांना पुन्हा तेच सांगेन असं वाटतं, मग कसली माफी मागू? पुस्तिका शुक्रवारी छपाईला जायचीय. त्याच्या आत कळव, आणि कळवावंसं वाटलं नाही, तरी मी समजेन.

तुझीच, अजून तरी,
कुजबुजमावशी